अनुमोदक

आधी लांजेवार बाईंचं नाव लिहितो. कुमुद लांजेवार. सावनेरच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या. आज माझ्या नावामागे 'प्राध्यापक' लागतं, नागपुरात घर आहे, भिंतीला पुस्तकांचं कपाट आहे. यातलं जवळजवळ काहीच त्यांच्याशिवाय झालं नसतं. त्यांचं नाव आधी लिहायचं कारण एवढंच की पुढे जे सांगणार आहे ते मी त्यांच्याशीच केलं आहे. बायकोला ते ठाऊक नाही. वडील गेले, त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुम्ही जवळजवळ पहिले. ओळख नसलेल्या माणसाला सांगणं सोपं जातं, म्हणून असेल कदाचित.

पण लगेच सांगता येणार नाही. थोडं मागे जावं लागेल — आणि मागे जायला मला आवडतं, हेही मान्य करतो.

माझे वडील सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत होते. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कोणी पाहत नसे. खाणीचा भोंगा वाजला की आई चूल पेटवायची, पुन्हा वाजला की वडील डबा उचलायचे. लहानपणी मी एकदा विचारलं, "बाबा, भोंगा वाजला का जावंच लागते काहून?" वडिलांनी सायकलला टांग मारता मारता उत्तर दिलं, "साहेबानं सांगतलं म्हणून. अन् साहेबाले त्याच्या साहेबानं सांगतलं म्हणून." त्यात तक्रार नव्हती. उलट एक समाधान होतं — वरपर्यंत सगळं नीट लावलेलं आहे, आपण फक्त आपल्या जागी राहायचं.

बाई आल्या त्या आम्ही आठवीत असताना. त्यांचं मराठी आमच्यासारखंच होतं. मराठीच्या बाई वर्गात 'मले' आणि 'तुले' म्हणतात याचं आधी हसू आलं, मग हायसं वाटलं. पुस्तक त्या पुस्तकातल्या भाषेत वाचायच्या आणि समजावून सांगायच्या आमच्या भाषेत. प्रश्न विचारला की माझा हात सगळ्यांच्या आधी वर. कधी कधी प्रश्न पूर्ण व्हायच्या आत. बाई हसायच्या. "अरे, प्रश्न तं होऊ दे गा नरेश. तुले उत्तराची एवढी काय घाई होऊन राहिली?" वर्ग खिदळायचा. मला त्यात माझं कौतुकच ऐकू यायचं.

शनिवारी सकाळची शाळा असायची. शाळा सुटली की आम्ही काही मुलंमुली बाईंच्या घरी जायचो. बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, उन्हाळ्यात खिडकीला खसचा कूलर, त्या ओल्या वासाची खोली. बाई एक गोष्ट लिहीत होत्या, मोठी गोष्ट, आणि जेवढी लिहून झाली असेल तेवढी आम्हाला वाचून दाखवायच्या. आम्ही तिचे पहिले वाचक. आज मी साहित्य शिकवतो, समीक्षा वगैरे लिहितो, पण वाचनाचं सुख म्हटलं की मला ती शनिवारची दुपार आठवते. जमिनीवर पसरलेली चटई, बाईंचा मधूनच थांबणारा आवाज, आणि कोणीतरी हळूच म्हणायचं, "बाई, मंग?"

त्या गोष्टीचं नाव होतं 'उत्तरगाव'.

उत्तरगाव हे आमच्यासारखंच एक खाणीचं गाव. तिथे भोंगा वाजतो. भोंग्यानंतर चौकात त्या दिवसाचं उत्तर वाचून दाखवतात — प्रश्न नसतो, नुसतं उत्तर. लोक टाळ्या वाजवून कामाला जातात. गावात पोलीस नाहीत, तुरुंग नाही. कोणावर जबरदस्ती होत नाही. फक्त एक शब्द हळूहळू बोलण्यातून जातो — 'काहून', म्हणजे 'का'. आधी शाळेतून जातो, कारण जे मूल तो म्हणत नाही त्याला बत्तासा मिळतो. मग बाजारातून जातो. मग घरातून. म्हातारी माणसं झोपेत तो शब्द बरळतात तेव्हा सुना त्यांना प्रेमानं जागं करतात. आठवड्याला सभा असते, ठराव येतो, सगळ्यांचे हात वर जातात. गोष्टीत चिंधूबाई नावाची एक म्हातारी आहे. तिला तो शब्द आठवतो. ती ठरवते की येत्या सभेत उभं राहून तो म्हणायचा. सगळी गोष्ट त्या सभेकडे चालत जाते. सभा भरते. चिंधूबाई उभी राहते. तोंड उघडते.

आणि तिचा हात वर जातो. बाकीच्यांसारखाच. तिला नको असताना.

तिथे गोष्ट संपते.

बाईंनी शेवटचं पान वाचलं त्या दिवशी आम्ही भयंकर चिडलो होतो. असा कुठे शेवट असतो का? एक मुलगी तर रडली. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "मंग तुम्ही असते तिथं, तं काय केलं असतं?" आम्ही सगळे एकदम बोललो. सगळ्यात मोठा आवाज माझा होता — "मी विचारलं असतं बाई, मी नसता केला हात वर." बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. उठून आमच्यासाठी चिवडा आणायला आत गेल्या.

बारावीनंतर बाईच मला नागपूरला घेऊन आल्या. आमच्या घरात कोणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. वडिलांना खाणीतून सुट्टी मिळाली नाही — म्हणजे त्यांनी मागितली नाही. एसटीत बाई खिडकीशी, मी शेजारी, मांडीवर मार्कशीटची पिशवी. प्रवेशाच्या खिडकीवर माझ्या तोंडून शब्द फुटेना, तर बाई पुढे झाल्या. मग सीताबर्डीला नेऊन मला दोन शर्ट घेऊन दिले, रंग माझ्या पसंतीचे. होस्टेलच्या दारात निघताना म्हणाल्या, "इथं 'मले' म्हणशीन तं पोरं हासतीन. हासू दे त्याह्यले."

मी हसू दिलं नाही. महिन्याभरात 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं. कोणी सांगितलं नव्हतं. मेसमध्ये पुण्याकडचा एक मुलगा एकदा नुसतं हसला होता, तेवढं पुरलं. दिवाळीला घरी गेलो तर आई म्हणाली, "कसा साहेबासारखा बोलून राहिला." तिला अभिमान वाटला. मलाही. ही माझी पहिली कबुली समजा हवी तर, पण मुख्य ही नाही. ही तर खूप जण करतात.

पुढे मी शिकलो, शिकवायला लागलो. एका शिक्षण संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात लागलो, काही वर्षांनी कायम झालो. हे 'कायम' लक्षात ठेवा. नंतर माझ्यासाठी कोणी सबब शोधू नये म्हणून सांगतोय. त्या दिवशी माझ्या नोकरीला कसलाही धोका नव्हता.

दरम्यान बाईंची गोष्ट पुस्तक होऊन आली. नागपुरातल्या एका लहानशा प्रकाशकानं छापली. फारशी गाजली नाही. पण ज्यांनी वाचली ते विसरले नाहीत. आमच्या संस्थेत अकरावीच्या मुलांसाठी पूरक वाचनाची पुस्तकं निवडायची समिती होती, त्यात मी होतो. मी 'उत्तरगाव' सुचवलं आणि ते लागलं. बाई स्वतः एकदा वर्गावर आल्या. त्याच शनिवारच्या आवाजात त्यांनी बत्ताशाचं प्रकरण वाचलं. सिमेंटच्या वर्गात, ट्यूबलाइटखाली, मला खसचा वास आला. खरंच आला.

त्या वर्षी मी मुलांना अशा कादंबऱ्यांबद्दल खूप बोललो. जिथे सगळे एकसारखे वागतात, एकसारखे बोलतात आणि कोणीतरी एकटा वेगळा निघतो, त्या सगळ्या काल्पनिक, काळोख्या जगांबद्दल. एक गोष्ट मी त्यांना नेहमी सांगायचो — अशी कादंबरी वाचताना प्रत्येक वाचक स्वतःला त्या एकट्या माणसाच्या जागी ठेवतो. मग गर्दीत कोण उभं असतं? सगळेच जर तो एकटा असतील तर गर्दी येते कुठून? हे वाक्य माझं आवडतं होतं. वर्ग त्यावर गप्प व्हायचा आणि मला स्वतःचा फार आदर वाटायचा.

मार्चमध्ये संस्थेचे अध्यक्ष महाविद्यालयाला भेट देणार होते. मुलांना सकाळपासून मैदानात रांगांत उभं केलेलं. हातात फुलं. अध्यक्षांना उशीर होत गेला. नागपूरचं मार्चातलं ऊन काय असतं ते सांगायला नको. अकरावीतली पायल नावाची मुलगी रांगेतून निघाली आणि कडुलिंबाखाली जाऊन बसली. क्रीडाशिक्षक ओरडले, "ए, उभी राह्य!" ती बसल्या बसल्या म्हणाली, "काहून सर?"

शिक्षकांनी नुसती शिट्टी फुंकली. शेजारच्या दोघी जाऊन तिच्याजवळ बसल्या. मग चार पोरं. अध्यक्षांची गाडी फाटकातून आत आली तेव्हा अर्धी अकरावी झाडाखाली बसलेली होती.

पुढचे काही दिवस कॉलेजात नुसता 'काहून' चालला होता. कँटीनवाल्यानं पैसे मागितले की पोरं म्हणायची, काहून? कँटीनवाला म्हणायचा, "तुह्या बापानं नाई तयला समोसा, म्हणून." हजेरी घेताना मागून कोणीतरी 'काहून' म्हणायचं आणि वर्ग फुटायचा. मी दटावल्यासारखं करायचो आणि आतून सुखावून जायचो. माझ्या नोकरीतले ते सगळ्यात आनंदाचे दिवस. जो शब्द मी होस्टेलात टाकून दिला होता तो ही मुलं कॉलरवर मिरवत होती. मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग समितीची बैठक लागली.

संस्थेचे सचिव स्वतः आले. मी त्यांना खलनायक करणार नाही. ते कधी आवाज चढवत नाहीत, शिपायालाही 'अहो' म्हणतात. सगळ्यांना कोथिंबिरीची सांबारवडी आणि चहा आला. सचिव म्हणाले, पुस्तक उत्तमच आहे, त्यांनी स्वतः वाचलं आहे. फक्त या वयातल्या मुलांच्या हाती जरा लवकर पडलं. शिवाय भाषा. परीक्षेत मुलं 'काहून' लिहायला लागली तर उद्या पालक आपल्यालाच विचारतील. तेव्हा पुढच्या वर्षापासून हे पुस्तक वगळावं. कोणाचं काही वेगळं मत असेल तर मोकळेपणानं सांगा, असंही म्हणाले. खरंच म्हणाले. मी ते ऐकलं.

उपप्राचार्य सूचक झाले. त्यांनी ठराव वाचला.

ज्यांना अशा बैठकांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो — ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक मांडतो, अनुमोदक म्हणतो की माझं अनुमोदन आहे, आणि मग बाकीचे हात वर करतात, आणि कागदावर येतं 'सर्वानुमते'. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथेच अडतो. एवढी साधी गोष्ट. कोणाला विरोध करावा लागत नाही, भाषण करावं लागत नाही. फक्त कोणी बोलायचं नाही.

सचिव म्हणाले, "अनुमोदक?"

कोणी बोललं नाही. ग्रंथपाल बाई वडीकडे पाहत होत्या. इंग्रजीचे सर पेनचं टोपण लावत होते, काढत होते. इतिहासाच्या सरांनी तर मान खाली घालूनच तिरक्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं — आता मला कळतं, ते माझ्यावर विसंबून होते. त्यांना वाटत होतं, पुस्तक यानं आणलं, हा तर नक्कीच गप्प राहील. हा गप्प राहिला की आपल्यालाही राहता येईल. ती शांतता आमची होती, आम्हा सगळ्यांची. अजून थोडी टिकली असती तर सचिवांनी विषय पुढे ढकलला असता. तेवढे ते सभ्य होते.

मी ती शांतता मोडली.

"माझं अनुमोदन आहे."

काहून? — इतकी वर्षं मी स्वतःला हे विचारतो आहे, आणि आतल्या आत विचारताना मला हाच शब्द येतो. भीती? कशाची? बढती? तशी कोणती नव्हती. मी खूप सबबी लावून पाहिल्या, एकही बसत नाही. जे खरं आहे ते लाजिरवाणं आहे: समोरच्या मोठ्या माणसानं काहीतरी विचारलं होतं आणि कोणी उत्तर देत नव्हतं. मला ते सहन झालं नाही. मी नेहमी पहिला उत्तर देणारा मुलगा. एवढंच.

आणि त्याहून वाईट सांगतो, कारण हेच मला खरं सांगायचं आहे. बोलून झाल्यावर मला बरं वाटलं. सचिवांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "वा सर. आणणारेही तुम्ही, आणि अनुमोदन देणारेही तुम्ही. याला मोठेपणा लागतो." कोणीतरी पाठीवर थाप दिली. माझ्या कानांत ऊब आली, जशी शाळेत बरोबर उत्तर दिल्यावर यायची तशीच. सगळे हात वर गेले, माझाही गेला. मी वडी खाल्ली. ती चवदार होती.

दुसऱ्या दिवशी पायलनं वऱ्हांड्यात गाठलं. "सर, उत्तरगाव काहून काढलं?" मी म्हणालो, "अगं, अभ्यासक्रम बदलत राहतो. नवीन पुस्तकांनाही जागा द्यायला हवी." किती गुळगुळीत आलं ते. एकदाही अडखळलो नाही. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं, सर." त्यानंतर तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

इथे थांबता आलं असतं तर ही एका भित्र्या माणसाची साधी गोष्ट झाली असती. पण मी इथे थांबलो नाही.

त्या उन्हाळ्यात बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात. मी सोबत होतो. दुपारी त्या पट्टी बांधून पडल्या होत्या. पुस्तक वगळल्याचं त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ठराव झाला म्हणते. सर्वानुमते?"

मी म्हणालो, हो.

"कोणीच नाई बोललं का गा?"

त्यांचा एक डोळा बांधलेला होता, दुसऱ्यानं नीट दिसत नव्हतं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "मी होतो ना बाई. कागदावर सर्वानुमते लिहितात ते. मी हात वर नाही केला."

बाईंनी चाचपडत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. "बस," म्हणाल्या. "एक होता. पुरे आहे."

ते खोटं मी परत घेऊ शकलो असतो. दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, कधीही. पण बाई सावनेरला गेल्या आणि त्यांनी ते माझ्या वडिलांना सांगितलं. वडील तोवर निवृत्त झाले होते. चौकातल्या पानठेल्यावर त्यांच्यासारख्याच निवृत्त खाणवाल्यांसोबत बसायचे. त्यांनी तिथे सांगितलं, "आमच्या नरेशनं साहेबाले तोंडावर नाही म्हटलं." पुढच्या वेळी मी गेलो तर तिथला एक म्हातारा मला पाहून उठून उभा राहिला. मला बसायला जागा दिली. वडील नुसते माझ्याकडे पाहत होते — जन्मभर साहेबानं सांगितलं म्हणून भोंग्याबरोबर चाललेला माणूस. त्या नजरेला मी कसं सांगणार होतो? मी सांगितलं नाही. पान खाल्लं, गप्पा मारल्या. पुढच्या हिवाळ्यात वडील गेले. ती समजूत सोबत घेऊन गेले.

यानंतर वर्षं गेली. खोट्याची सवय होते हे ऐकून होतो, पण आणखी एक होतं — ते खोटं मला आवडायला लागलं. बाईंच्या आणि वडिलांच्या डोळ्यांतला तो नरेश माझ्याहून बरा होता. त्याच्या सावलीत मी बसायला लागलो. एकदा तर एका भाषणात, नाव न घेता, 'कधी कधी एक हात खाली राहणंही पुरेसं असतं' असं मी बोलून गेलो. टाळ्या पडल्या.

आता 'उत्तरगाव'ची नवी आवृत्ती निघते आहे. बाईंना आता बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून प्रुफं तपासायला त्यांनी माझ्याकडे पाठवली. सोबत फोन — "शेवट बदलवला मी. वाचून सांग कसा झाला ते."

मी वाचलं. सभा भरते, चिंधूबाई उभी राहते, तोंड उघडते, तिचा हात वर जातो. तिथे पूर्वी गोष्ट संपायची. आता एक पान पुढे आहे. चिंधूबाई आपल्याच हाताकडे भीतीनं पाहते, मग मान वळवते, आणि तिला शेवटच्या रांगेत एक मुलगा दिसतो. त्याचे दोन्ही हात मांडीवर आहेत. तो काही बोलत नाही. नुसता बसलेला आहे. चिंधूबाईचा हात हळूहळू खाली येतो.

आणि पुस्तकाच्या सुरुवातीला, पूर्वी जिथे कोरं पान होतं तिथे, अर्पण म्हणून माझं नाव.

तो शेवट वाईट असता तर बरं झालं असतं. तो सुंदर उतरला आहे. वाचताना माझे डोळे भरून आले, आणि मग कशानं भरून आले ते कळलं तेव्हा प्रुफं बाजूला ठेवावी लागली. अकरावीतलं कोणी मूल उद्या ते वाचेल आणि स्वतःला त्या मागच्या रांगेतल्या मुलाच्या जागी ठेवेल. मी ठेवलं होतं तसंच. पुस्तक मिटून निवांत झोपेल. बाईंनी जो शेवट आम्हाला वाचून दाखवला होता, ज्यावर आम्ही चिडलो होतो, तो कोणाला झोपू देत नव्हता. माझ्या एका वाक्यापायी त्यांनी आपल्याच पुस्तकाचं खरं पान खोडलं.

समोर जाऊन सांगायला हवं होतं. सावनेर काही लांब नाही. मी गेलो नाही. पत्र लिहिलं आणि परवा पाठवलं. बाई ते वाचून दाखवायला शेजारच्या मुलीला बोलावतील, म्हणजे तिलाही कळेल. हे छापून तुमच्या हाती येईल तोवर त्यांनी ऐकलं असेल. पत्र असं आहे:

'बाई,

प्रुफं सोबत परत पाठवतो आहे. शुद्धलेखनाच्या चुका फारशा नाहीत, जिथे होत्या तिथे खूण केली आहे. नव्या शेवटाच्या पानावर आणि अर्पणाच्या पानावर मी पेन लावलेलं नाही. त्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल.

दवाखान्यात मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. त्या बैठकीत ठरावाला अनुमोदक मिळत नव्हता. सगळे गप्प होते. अनुमोदन मी दिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. मी बोललो नसतो तर पुस्तक बहुतेक राहिलं असतं. नंतर हातही वर केला.

बाबांना तुम्ही सांगितलंत ते तुम्हाला खरं वाटलं म्हणून सांगितलंत. त्यात तुमची काही चूक नाही.

मागच्या रांगेत तसा मुलगा नव्हता, बाई. चिंधूबाईनं मान वळवली असती तर तिला मी दिसलो असतो, आणि माझा हात तिच्या आधी वर गेलेला असता.

नरेश'